गाडीचा खांदा

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गाडी घरी आणत नाही. शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली उभी करते, दारं नीट लागली आहेत ना ते बघते आणि पायी घरी येते. गावात सगळ्यांना कारण ठाऊक आहे. पारावर बसलेली मंडळी मला येताना पाहून ‘मॅडम, यंदाही गाडी माहेरी धाडली वाटते?’ असं विचारतात आणि मी ऐकू न आल्यासारखं करते. माझा स्वभाव तापट आहे हे पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे, त्यामुळे दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

या दिवसांत कपाशीला पात्या-फुलं आलेली असतात, सोयाबीनच्या शेंगांत दाणा भरत असतो, आणि झड उघडून मध्येच असं कडक ऊन पडतं की अंगणातला चिखल वरून वाळतो आणि खालून ओलाच राहतो. ज्यांच्या कोठ्यात अजून बैल आहेत त्यांच्या घरून संध्याकाळी हळद घातलेल्या कोमट तुपाचा वास येतो. खांदशेकणीचा वास. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना त्या संध्याकाळी पळसाच्या पानाने हळद-तूप लावतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. लहानपणी मला हा वास फार आवडायचा. आम्ही पोरं तळहाताला उरलेलं तूप एकमेकांच्या गालाला फासायचो. आता तो वास नाकात शिरला की हातातलं काम तसंच राहतं आणि मी उगाच उठून दारापर्यंत जाऊन येते.

ज्या वर्षाचं हे आहे, त्या वर्षी आई डायलिसिसवर होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला यवतमाळला न्यायचं, मशीनवर रक्त धुऊन होईपर्यंत थांबायचं आणि पिळून काढलेल्या फडक्यासारखी झालेली आई परत आणायची. आमचं गाव कळंब तालुक्यात, माळावर. बस येते, पण तिच्या मनाला आलं तर. मी गावच्याच शाळेत शिकवते. मुख्याध्यापकांनी त्या दोन दिवसांचे माझे तास पुढेमागे करून दिले होते. लग्न न केलेली मुलगी आईबापाच्या म्हातारपणी किती कामी येते, असं नातेवाईक कौतुकाने म्हणायचे. मी म्हणायचे, माझ्यापेक्षा गाडी जास्त कामी येते, तिचंही लग्न झालेलं नाही.

गाडी पांढरी, छोटी, दुसऱ्याच्या हातची. आधीचा मालक यवतमाळचा कोणी हौशी पोरगा होता. त्याने तिला जाळीदार अलॉय चाकं बसवली होती आणि मागे एक जाडजूड सायलेन्सर. सायलेन्सर मी पहिल्याच महिन्यात बदलला, कारण त्याच्या आवाजाने शाळेतली पोरं खिडकीत गोळा व्हायची. चाकं मात्र राहू दिली. त्यांच्या फटींतून आतली ब्रेकची चकती लखलख दिसायची. बाबांना ती चाकं फार आवडत. गाडी धुताना ते त्या फटींतून हात घालून चिखल काढत बसायचे, अगदी खुरातला चिखल काढावा तसे.

माळावरून डांबरी सडकेला लागायच्या आधी एक उतार आहे. लांब नाही, पण उभा. खाली नाल्यावरचा अरुंद पूल, त्याचे कठडे नावापुरते, आणि पूल ओलांडला की लगेच वळण. लहानपणी त्या उतारावर सायकल ब्रेक न लावता सोडायची आमची पैज असायची आणि मी ती जिंकायचे. पण मागच्या सीटवर मानेखाली उशी घेऊन आई बसलेली असली की तोच उतार मला ओळखीचा वाटत नसे. पाय ब्रेकवर ठेवूनच मी तो उतरायचे, आणि पुलापलीकडचं वळण संपेपर्यंत आमच्या गाडीत कोणी बोलत नसे.

त्या पावसाळ्यात ब्रेक वाजायला लागले. आधी सकाळच्या पहिल्या ब्रेकला नुसती बारीक किंचाळी. ओल आहे, रात्रीतून गंज धरला असेल, दोनदा दाबला की जाईल, असं मी म्हणायचे आणि ती जायचीही. मग जाईनाशी झाली. मग तिच्या खाली खरखर सुरू झाली, लोखंडावर लोखंड घासल्याची. माझा एक कान चाकाकडे असायचा आणि दुसरा मागच्या सीटवरच्या श्वासाकडे. अंगात पाणी साचलं की आईच्या श्वासाला बारीक शीळ यायची. कधी कधी मला कळायचंच नाही की नेमकं काय वाजतंय. मी काचा वर करायचे, पंखा बंद करायचे, ऐकायचे. आई म्हणायची, ‘काहून बंद केला व पंखा? उकडून राह्यलं.’ मी काहीतरी कारण सांगायचे.

आई मशीनवर असली की माझ्या हातात रिकामा वेळ असायचा. तशाच एका मंगळवारी मी यवतमाळच्या पार्टच्या दुकानात गेले. त्याआधी कळंबच्या मुन्ना मिस्त्रीला फोनवर आवाज ऐकवला होता. त्याने लगेच सांगितलं होतं की पॅड तर गेलेच, समोरच्या चकत्याही घेऊन या, त्या घासल्या असतील. दुकानदाराने काउंटरवर तीन डबे मांडले.

‘ताई, हे कंपनीचं. हे फस्ट कॉपी, चालते मस्त. आन् हे पाहा, रेसिंगवाले पोट्टे हेच नेतात. असा पकडते ना ब्रेक, की गाडी जाग्यावर उभी!’

‘गाडी जाग्यावर उभी राह्यली तर मागं बसलेल्या माणसाचं काय होते?’

‘मागं कोण बसते?’

‘माझी आई. डायलिसिसवाली.’

त्याने तो लाल डबा उचलून मागे ठेवला.

मी वायपर हातगाडीवरचे घेते. सीटकव्हर बाजारातलं चालतं. हॉर्न तर कसलाही चालतो, आपल्याकडे कोण ऐकतं? पण ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग यांच्या बाबतीत मी दुकानदाराचा जीव खाते. डब्याचं सील नखाने खरवडते. पॅड हातात घेऊन त्याची जाडी दोन्ही टोकांना सारखी आहे का ते डोळ्यांसमोर धरून बघते. ते लाल पॅड तापल्यावर छान पकडतात म्हणे, पण आमच्या घरापासून उतारापर्यंत तापायला वेळ असतो कुठे? मला जोरात थांबणारी गाडी नको होती. हळू आणि नक्की थांबणारी हवी होती. म्हणून मी कंपनीचे पॅड घेतले, कंपनीच्याच चकत्या घेतल्या आणि ते जड पुडकं पोटाशी धरून दवाखान्यात आले. आईला मशीनवरून नुकतंच सोडवलं होतं. तिने विचारलं काय आणलं. मी सांगितलं, गाडीचे पार्ट बदलायचे आहेत.

‘बरं हाय बाई गाडीचं,’ आई म्हणाली. ‘माह्या पार्टाचं दुकान कोठी हाय ते इचार ना त्याले.’

नर्सबाई हसली. आईही हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन त्याचंच उत्तर दिलेलं होतं. या वयात दुसरं मूत्रपिंड बसवायचं नाही, मशीन हाच उपाय, आणि मशीन चुकवायची नाही. एक वार जरी चुकला तरी पाणी छातीत चढतं.

आणि आईला नेमकं तेच हवं होतं. चुकवायचं होतं. नागपंचमीला म्हणाली आज सण आहे, राखीला म्हणाली भाऊ येईल, पाऊस आला तर पूल बुडेल आणि ऊन पडलं तर चक्कर येईल. तिला मरायचं होतं असं मी म्हणणार नाही. ती थकली होती. सुईला, उलट्यांना, मोजून प्यायच्या पाण्याला आणि कदाचित माझ्या दटावण्यालाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आमच्या अंगणात एक भांडण व्हायचं आणि ते मी जिंकायचे. पण जिंकताना दर वेळी भीती वाटायची की पुढच्या वेळी तिला एखादं असं कारण सापडेल, ज्यावर माझ्याकडे उत्तर नसेल.

रविवारी मी बाबांना घेऊन कळंबला गेले. आधी चिंतामणीचं दर्शन, मग मुन्नाचं गॅरेज. मुन्ना मिस्त्री हा एक बडबड्या माणूस आहे. त्याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवला तर तालुक्यातली निम्मी वाहनं त्याच्यामुळेच चालतात. त्याने चाकं काढली, जुनी चकती खोलली आणि ‘पाहा ताई, काय हाल झाले!’ म्हणत जमिनीवर ठेवली. तिच्यावर खोल चरे पडले होते, कडा झिजून धारदार झाली होती. बाबा उकिडवे बसले आणि त्या चऱ्यांवरून बोट फिरवत राहिले.

‘हे काय होय व माय?’

मी शिक्षिका आहे. मला नीट समजावल्याशिवाय राहवत नाही. ‘बाबा, गाडी पळवते इंजिन. पण थांबवाचा सारा जोर याच्यावर येते. दोन्हीकून हे पॅड दाबते त्याले, म्हणून तो झिजते, तापते.’

‘म्हंजे हा तिचा खांदा होय.’

‘तसंच समजा.’

‘पार सोलला व,’ बाबा म्हणाले, आणि आपलं बोट धोतराला पुसलं.

इथे आमच्या कोठ्याविषयी सांगायला हवं. त्या उन्हाळ्यात बाबांनी शेवटची बैलजोडी विकली होती. त्यांचे गुडघे गेले होते, आई आजारी, मी शाळेत किंवा गाडीत. चारा-पाणी कोण करणार? वावर ट्रॅक्टरने होत होतं. कोठा मात्र ते रोज झाडत राहिले. दावणीचे दोर खुंटीला तसेच होते. जन्मभर हा माणूस कोणाला ना कोणाला दाणा-पाणी घालत आला होता, आणि आता घरात फक्त दोन जीव राबत होते, मी आणि गाडी. माझ्यासाठी काही करायला त्यांना संकोच वाटायचा. मग ते गाडीचं करायचे. पाऊस पडला की तिच्यावर ताडपत्री टाकायचे. मी शाळेतून आले की हात लावून ‘लय तापली’ म्हणायचे.

खांदशेकणीच्या संध्याकाळी मी घरात चाचणीचे पेपर तपासत बसले होते. बाबांनी चुलीवर तुपाची वाटी ठेवली, हळद घातली. आईने खाटेवरून विचारलं, ‘कोणाले लावता?’ ते वाटी आणि पळसाची पानं घेऊन अंगणात गेले. थोड्या वेळाने मी दारातून पाहिलं तर ते गाडीपुढे उभे होते. बोनेटवर हळदीची पाच बोटं उमटली होती. आणि ते हळूच, कोणी ऐकू नये म्हणून, बैलांना म्हणतात तेच म्हणत होते. ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.’

मी, जिला चहात साखर कमी पडली तरी राग येतो, ती तशीच मागे फिरले. डोळे भरून आले होते. बाबांना ते दिसायला नको होते. मी पुन्हा पेपरांवर बसले आणि त्या दिवशी सगळ्या पोरांना थोडे जास्तच मार्क दिले.

दुसऱ्या दिवशी पोळा, आणि शुक्रवार. आईने सकाळीच सुरुवात केली. ‘आज पोळा. त्यात अमावास्या. आजच्या दिवस राहू दे ना व. मशीनले काय सण समजते?’ मी तिचं काही ऐकलं नाही. तिला मागे बसवलं, पट्टा लावला, उशी दिली. बाबा तोरणाची पानं आणायला वावरात गेले होते. अंगणातून वळताना ब्रेक जरा उशिरा लागल्यासारखा वाटला. मुन्नाने सांगितलंच होतं, ‘नवे हाय, सुरुवातीले हळू हळू दाबत जा, बसू द्या त्याइले.’ बसतील, असं मी म्हटलं.

उताराच्या तोंडाशी मी पाय ब्रेकवर ठेवला. पहिल्या दाबाला काहीतरी चुरचुरलं. आणि मग वास आला.

‘कोणाच्या घरी तूप कढवून राह्यले व?’ मागून आई म्हणाली.

आजूबाजूला घर नव्हतं. दोन्ही बाजूंना कपाशी, समोर उतार. मी ब्रेक आणखी दाबला. पेडल पायाखाली घट्ट होतं, पोकळ नव्हतं, आणि तरीही गाडीवर त्याचा काही परिणाम होत नव्हता. ती नुसती घरंगळत होती आणि वेग घेत होती. मी सगळा भार टाकून दाबलं. गाडी डावीकडे ओढली गेली, पण थांबली नाही. तुपाचा वास आता धुरकट झाला होता.

खाली पुलावर बैल होते. पोळ्याची सकाळ. नाल्यावर धुऊन काढलेल्या जोड्या घेऊन लोक वर येत होते, ओलेचिंब, शिंगं रंगवायची बाकी असलेले बैल. अख्खा पूल त्यांनी भरला होता. मी हॉर्नवर हात दाबून धरला. गिअर दुसऱ्यात टाकला, इंजिन ओरडलं, गाडीला हिसका बसला. पहिल्यात टाकायला गेले तर तो करकरला आणि कसाबसा बसला. हँडब्रेक एकदम ओढला असता तर मागची चाकं अडकून गाडी आडवी झाली असती. तो थोडा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. पुलावर आरडाओरडा झाला. कोणी कासरा खेचत होतं, एक बैल मागे सरायला तयार नव्हता. पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या कडेला, मुरमाचा एक ढीग टाकून ठेवलेला होता. गाडी तशीही तिकडेच ओढत होती. मी स्टिअरिंग तिच्या मनासारखं वळू दिलं.

धाडकन आवाज झाला. गाडीचं तोंड मुरमात घुसलं आणि इंजिन बंद पडलं. मी मागे वळून पाहिलं. आई पट्ट्यात अडकून बसली होती, उशी खाली पडली होती, पदर खांद्यावरून सरकला होता. तिला कुठे लागलं नव्हतं. ती घाबरलेलीही दिसत नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटली.

‘पाह्य,’ ती शांतपणे म्हणाली. ‘देवानंच अडवलं.’

सापडलं तिला कारण. गावातल्या दोघातिघांनी आपली गाडी काढायची तयारी दाखवली, पण ती ऐकेना. कोणाच्याही गाडीत बसणार नाही म्हणाली. तिला रिक्षातून घरी नेलं तेव्हा ती त्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हलकी, मोकळी दिसत होती.

मुन्ना मोटरसायकलवर आला. सणाचा दिवस असूनही आला, हे त्याच्या बडबडीला माफ करायला पुरेसं आहे. त्याने तिथेच चाक काढलं, चकतीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहत राहिला. त्याला गप्प झालेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

‘ताई, हे तूप होय. हळदीचं.’

फटींतून हात घालून बाबांनी ते चकतीच्या पूर्ण गोलाला चोपडलं होतं. घाईने नाही, प्रेमाने, कुठे कोरडं राहू नये अशा बेताने. चकत्या धुऊन निघतील, पण पॅड तूप प्याले आहेत, ते फेका, असं मुन्नाने सांगितलं. मी ते पिवळे पॅड हातात घेऊन घरी गेले आणि बाबांना कोठ्यात गाठलं. मी काय बोलले ते इथे लिहिणार नाही. बरंच बोलले. बाबा भिंतीला टेकून ऐकत राहिले.

‘तूच म्हणली होती, खांदा होय म्हणून,’ ते एवढंच म्हणाले.

बैलाचा पार्ट कुठे मिळत नाही. त्याचा खांदा सोलला तर तोच खांदा शेकायचा, तोच चोळायचा, आणि वाट पाहायची. बाबांना आयुष्यभर एवढीच एक दुरुस्ती ठाऊक होती आणि ती कधी चुकली नव्हती. घासलं की फेका आणि दुसरं बसवा, ही माझी रीत. पण आईच्या बाबतीत आम्ही दोघंही सारखेच अडाणी होतो. बदलता काही येत नव्हतं, आणि शेकून-चोळून बरं होण्यासारखंही तिथे काही नव्हतं. हे मला त्या वेळी सुचलं नाही. त्या वेळी मी फक्त चिडलेली होते आणि फार घाबरलेली होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसने यवतमाळला जाऊन तेच पॅड पुन्हा आणले. दुकानदाराने काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मुन्नाने चकत्या धुऊन दुपारच्या आत गाडी उभी केली. दवाखान्यातून फोन आला होता की संध्याकाळच्या पाळीला एक मशीन रिकामी आहे, पेशंटला लगेच आणा. पण पेशंट भिंतीला टेकून बसली होती. रात्रीपासून तिला आडवं होता येत नव्हतं. आडवी झाली की गुदमरायची. पाय सुजून टम्म झाले होते, बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. श्वासाची शीळ आता ओसरीपर्यंत ऐकू येत होती. मी विनवलं, रागावले, पाया पडले.

‘देवानं रस्ता अडवला. आता पुन्हा कायले जायाचं?’ एक एक शब्द तोडत ती म्हणत होती. ‘झालं माहं.’

तेवढ्यात बाबा दारात येऊन उभे राहिले. कालपासून ते तिच्यासमोर आले नव्हते.

‘ऐकलं काय,’ ते म्हणाले. बाबांनी आईला कधी नावाने हाक मारली नाही. ‘देवानं नाही अडवलं. म्या केलं थे.’

‘काय केलं?’

‘चाकाले तूप लावलं. खांदशेकणीचं. त्याच्यानं बिरेक निसटला.’

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

‘चाकाले कायले लावलं?’

‘तुले नेते-आणते थे,’ बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. ‘बैल राह्यले असते त बैलाले लावलं असतं.’

आई भडकली. माझा स्वभाव कोणावर गेला आहे याबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी तेव्हा तिथे असायला हवं होतं.

‘सारा जनम राबली तुमच्या घरात! माह्या खांद्याले कधी तेलाचं बोट लागलं काय? अन् त्या लोखंडाले वाटीभर तूप!’ तिला धाप लागली. मी पुढे झाले तर तिने हाताने मला बाजूला सारलं. दम खाल्ला आणि पुन्हा बाबांकडे वळली. ‘आता मी मेली त गाव काय म्हणन, समजते काय? बुढ्यानं तूप लावून बायको मारली म्हणतीन. तुम्ही जगाल तवरोक म्हणतीन. पोट्टे मागं लागतीन तुमच्या.’

बाबा खाली मान घालून उभे होते. आई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता, पण त्याच्या आत आणखी काहीतरी आलं होतं. मग तिने भिंतीला हात टेकला आणि उठायला लागली.

‘काढ व गाडी,’ ती मला म्हणाली.

त्यानंतर आई त्या रस्त्याने कितीदा गेली ते मी मोजलं नाही. पुष्कळदा. आता ती नाही. एका हिवाळ्यात, आपल्या खाटेवर, झोपेत गेली, आणि गावात त्याबद्दल कोणी बाबांना काही म्हणालं नाही. पण पोळ्याच्या दिवसांत मला जी आई आठवते ती त्या दुपारची. मागे बसायला तिने साफ नकार दिला. पुढे, माझ्या शेजारी बसली. बाबा मागे, तिची उशी मांडीवर घेऊन. उताराच्या तोंडाशी तिने माझ्या हातावर हात ठेवला.

‘थांब.’

मी थांबले.

‘असं नाही. सोड थोडी, अन् मंग थांबवून दाखव.’

मी गाडी सोडली. ती घरंगळायला लागताच ब्रेक दाबला. गाडी हळूच, मुकाट्याने उभी राहिली. आईने नाक वर करून वास घेतला. ओल्या मातीशिवाय कसला वास नव्हता.

‘आणखी.’

मी पुन्हा सोडली, पुन्हा थांबवली. मागून बाबा दबक्या आवाजात म्हणाले, ‘मी उतरतो. पायी येतो खालपर्यंत.’

‘बसा चूपचाप,’ आई म्हणाली, मागे न पाहता. ‘आणखी एकडाव.’

या वेळी मी तिला थोडा जास्त वेग घेऊ दिला. खाली पूल रिकामा होता, कठड्याशी मुरमाचा विस्कटलेला ढीग दिसत होता. मी दाबला. गाडी थांबली. आई थोडा वेळ तशीच समोर पाहत, तोंडाने श्वास ओढत बसली. डॅशबोर्डवर घट्ट धरलेला तिचा हात हळूहळू सैल झाला.

‘चाल ना मंग,’ ती माझ्यावर खेकसली. ‘उशीर होऊन राह्यला. माही मशीन दुसऱ्या कोणाले देऊन टाकतीन ते.’